पेशंटच्याच तोंडून

२ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. दाताचं काय झालं? काढलास, की अजून डॉक्टरशी वाद चालू आहे? ज्याच्या हातात पकड आहे त्याच्याशी तोंड उघडं ठेवून भांडू नये, एवढं तरी माझं ऐक.

पत्र बघून दचकली असशील. फोन असताना हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं? कारण सरळ आहे. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझं मात्र आमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू येतं. घरात आता दिवसभर परकं माणूस असतं, सगळंच तिच्या कानावर कशाला घालायचं? शिवाय सध्या मला रोज थोडा मोकळा वेळ मिळतो. इमारतीमागच्या बागेत बाकावर बसून लिहितेय. समोर एक आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेत. मजेत आहेत.

परकं माणूस म्हणजे ह्यांना सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या कंपनीची नवी ताई. आधीची हसरी, तू आली होतीस तेव्हा तुला आवडलेली, तिला अचानक दुसऱ्या घरी पाठवलं. का, म्हणून विचारलं तर "रोटेशन असतं काकू" असं उत्तर आलं. माणूस काय गाडीचं चाक आहे, पुढचं काढून मागे लावायला? पण मी काही बोलले नाही. तू असतीस तर बोलली असतीस.

ही नवी आली ती पांढऱ्याशुभ्र गणवेशात, बाहीची घडी अशी की बोट कापावं. मी मनातल्या मनात तिचं नाव कडक इस्त्री ठेवलं. तोंडावर ताईच म्हणते. कामाला चटपटीत आहे, नाव ठेवायला जागा नाही. चादर ताणून घालते, औषधं ओळीने लावते, बोलते कमी. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "काकू, तुम्ही दिवसभर घरात कोंडून घेता, हे बरोबर नाही. जरा फिरून या. मी आहे ना." किती दिवसांनी कुणी माझी काळजी केली! मला भरून आलं. म्हणून ही बाग, हा बाक आणि हे पत्र.

तुझ्या भाऊजींचं आहे तसंच. उजवी बाजू हलत नाही, डावा हात चालतो. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून पाण्यात पावडर कालवून, उशीला टेकून बसवून, चमच्याने द्यायचं. बोलण्याचं विचारशील तर एकच शब्द उरलाय: "बरं". ज्या माणसाने चपलांच्या दुकानात आयुष्य काढलं, जो बोलण्याच्या नादात एका जोडासाठी आलेल्याला तीन जोड बांधून द्यायचा, त्याच्याकडे आता एवढंच. पण मला सगळं कळतं बरं का. तुटक म्हणाले तर हो. लांबवून म्हणाले तर नको. आणि "बरं बरं बरं" असं धडाधड आलं तर तू आता गप्प बस. ते तर धडधाकट असतानाही असंच म्हणायचे.

एक गंमत सांगते. दर शुक्रवारी कंपनीतून फोन येतो, दर्जा तपासायला. फोनवाली मुलगी गोड आहे. म्हणते, "आम्ही नातेवाइकांना नाही विचारत काकू, आम्ही पेशंटच्याच तोंडून ऐकतो." मग कडक इस्त्री फोन ह्यांच्या कानाला लावते.

"काका, आमची सेवा कशी वाटते?"

"बरं."

"ताई नीट काळजी घेतात ना?"

"बरं."

"काही तक्रार?"

"बरं."

झालं! लगेच आपल्या चिरंजिवांच्या मोबाइलवर पाचपैकी पाच तारे जातात आणि तिकडून तो मला अंगठा पाठवतो. मी हसले. हसताना जरा कुठेतरी अडकलं, पण हसले.

आता तू विचारशीलच म्हणून लिहिते. दोन बारीकसारीक गोष्टी आहेत. मी परत येते तेव्हा टीव्ही मोठ्याने चालू असतो. ह्यांना टीव्हीचा आवाज कधीच सोसला नाही. आणि तिच्या चपला. सकाळी येते तेव्हा भिंतीकडे तोंड करून काढते. मी बागेतून येते तेव्हा त्यांचं तोंड दाराकडे असतं आणि तळव्यांना वाळू चिकटलेली. आमच्या जिन्यात वाळू कुठली? शेजारच्या इमारतीच्या फाटकाशी बांधकामाचा ढीग आहे, तिथली असावी. खाली काही आणायला गेली असेल. चपलेच्या दुकानदाराची बायको मी, माणसाच्या तोंडाआधी माझी नजर पायांवर जाते. हे तू मनावर घेऊ नकोस.

आजोबा उठले. मीही उठते.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अर्धं दाताचं, अर्धं संशयाचं. दात गेला ते उत्तम झालं. जाताना तुझा संशयी स्वभावही घेऊन गेला असता तर अधिक उत्तम झालं असतं.

"तू बागेत असतेस तेव्हा ती काय करते?" हा प्रश्न दोन रेघा ओढून विचारायची काय गरज होती? काय करणार? ह्यांच्याजवळ बसत असेल. तुला सगळीकडे चोर दिसतात. भाजीवाल्याच्या तागडीतही दिसतात आणि तू ते भर बाजारात त्याला सांगतेसही.

तसंही मी बागेत जाणं बंद केलंय. गुडघा दुखतो. कुठला म्हणशील तर कधी हा, कधी तो.

हे स्वयंपाकघरात बसून लिहितेय, भाजी शिजतेय तोवर. दार लोटून घेतलंय. कडक इस्त्री मधूनमधून येते, दारात उभी राहते, "काही हवंय का काकू?" म्हणते. मला काही नको असतं. ती मग थोडा वेळ तशीच उभी राहते. पूर्वी तिला मी घराबाहेर हवी होते, आता मी घरात आहे तर तिचा पाय एका जागी ठरत नाही. सारखं घड्याळ, सारखा फोन. काल जिन्यात जाऊन कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होती. "आज नाही जमणार, ही घरातच बसून आहे." ही म्हणजे मी. तोंडावर काकू आणि जिन्यात ही.

ह्यांना ती हल्ली पूर्ण बाह्यांचा सदरा घालते आणि मनगटाची बटणं लावते. तुला माहितेय, दुकानात असताना भर थंडीतही ह्यांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असायच्या. मी म्हटलं, अहो ताई, खोलीत उकडतंय, अर्ध्या बाह्यांचा घाला. तर म्हणाली, "काकांना थंडी वाजते. विचारा त्यांना." विचारणार काय, आणि उत्तर काय येणार! पण उत्तरही आलं नाही बघ. ती खोलीत असली की हे तो एक शब्दही बोलत नाहीत. छताकडे बघत राहतात. ती संध्याकाळी गेली की मी जवळ बसते, मग थोड्या वेळाने एक तुटक "बरं" येतं. ती खरंच गेली का, ह्याचा अंदाज घेत असावेत असं मला वाटतं.

चिरंजिवांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणतो, "आई, परवा गॅस चालू ठेवून तू बाहेर गेली होतीस का?" मी उडालेच. गॅस? मी? म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, कंपनीने कळवलंय, तुमच्या आईंना हल्ली विसरायला होतं, त्या कामात लुडबूड करतात, ताईंना काम करणं अवघड होतंय. चिमे, मी गॅस चालू ठेवून कुठेही गेले नाही. मी तर कुठे जातच नाही. पण हे फोनवर सांगताना माझा आवाज कापला आणि कापरा आवाज ऐकून तो अजूनच हळुवार झाला, लहान मुलाशी बोलावं तसा. म्हणाला, "घरी नीट होत नसेल तर सांग हं. मी एक चांगलं होम बघून ठेवलंय बाबांसाठी. चोवीस तास नर्स असते."

बघून ठेवलंय! मुलीसाठी स्थळ बघून ठेवतात, लग्नाला हॉल बघून ठेवतात. बापासाठी होम बघून ठेवलंय आणि मला आत्ता कळतंय. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, भेटीची वेळ ठरलेली. ह्यांची "बरं"ची भाषा तिथे कोणाला येणार?

आणि गंमत म्हणजे कडक इस्त्रीला हे होमचं आधीच माहीत होतं. मी तिला अवाक्षर बोलले नव्हते. फोन ठेवून वळले तर ती दारात. म्हणाली, "दादा चांगला विचार करतात काकू. पण तुम्हाला काका घरीच हवेत ना? मग सगळं शांतपणे चालू द्या." आणि चादर झटकायला लागली.

या शुक्रवारी फोनवालीने ह्यांचं झाल्यावर मलाही विचारलं, "काकू, तुमच्याकडून काही?" मी म्हटलं, बरं आहे.

तू येऊ नकोस. आलीस की दारातच सुरू होशील, मग ती जाईल, कंपनी जाईल आणि पुढचं मला निस्तरावं लागेल. आणि उत्तर पाठवलंस तर शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंच्या नावाने पाठव, त्या हळूच आणून देतील. आमच्या पत्रपेटीची किल्ली हल्ली सापडत नाही.

भाजी करपली वाटतं.

ताई

९ मार्च

चिमे,

या वेळी ख्यालीखुशाली विचारत नाही, आधी मुद्द्याचं लिहिते. नाहीतर पुन्हा दातावर आणि गुडघ्यावर घसरेन आणि राहून जाईल.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. गुडघा ठणठणीत आहे.

तुझी ती दोन रेघांची ओळ वाचली त्याच दिवशी झालं. मी बागेत गेले, तुला उत्तर लिहायला बसले, तर चष्मा घरी राहिलेला. परत आले. आमच्या दाराला बाहेरून कुलूप. मला वाटलं मजला चुकला. नीट बघितलं, आपलंच दार, आपल्याच पाटीचं. आतून टीव्ही कोकलत होता. माझ्याजवळच्या किल्लीने कुलूप उघडलं.

घरात ती नव्हती. हे एकटेच, निम्मे आडवे, मान एका कुशीला कलंडलेली, छाती पाण्याने भिजलेली, खोकून खोकून डोळे लाल. बाजूला पेल्यात साधं पाणी, पावडरीशिवाय. आणि डावा हात, चिमे, तो एकच चालणारा हात, पलंगाच्या कठड्याला बांधलेला. कापडी पट्टा, कंपनीच्या पिशवीतला. त्याच्यावर निळ्या अक्षरात छापलंय, "आपल्या माणसाची आपल्यासारखी काळजी". तोंडावरचं पाणी त्यांना पुसतासुद्धा येत नव्हतं.

मी पट्टा सोडला, टेकून बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. बटण काढून बाही वर केली. मनगटाला लाल वळ, काही ताजे, काही जुने पिवळे पडलेले. किती दिवसांचे असतील कोण जाणे. मी बागेत बसून तुला गमती लिहीत होते तेव्हाचे.

ती आली तेव्हा दचकलीसुद्धा नाही. चपला काढल्या, म्हणाली, "लवकर आलात काकू?" मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेजारच्या इमारतीत एक आजी आहेत, त्याही माझ्याकडेच दिल्यात कंपनीने. एकाच वेळेला. मी नाही म्हणाले तर घरी बसवतील. आता मी काय दोन ठिकाणी उभी राहू? काकांना मोकळं ठेवलं आणि पलंगावरून पडले तर माझ्यावर येतं. ऑफिसात एकच विचारतात, पेशंट पडला का? नाही पडले ना काका?"

मी म्हटलं, मी सांगणार आहे.

"सांगा ना. मला काढतील. दुसरी कोण येते, कधी येते, येते की नाही, बघा. आणि दादा तर होमचं बोलतच आहेत." एवढं बोलून तिने ह्यांचा ओला सदरा बदलायला घेतला, अगदी हलक्या हाताने. ती ओरडली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

मी घाबरले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, माझ्या निम्म्या वयाच्या बाईला. मी ठरवलं, बाहेर जायचंच नाही, डोळ्यात तेल घालून बसायचं, म्हणजे बांधायची वेळच येणार नाही. सांगितलं तर हे घरातून जाणार, नाही सांगितलं तर निदान माझ्या नजरेसमोर राहणार. असा माझा हिशेब. आणि त्या शुक्रवारी फोनवालीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, बरं आहे. ह्यांच्याकडे दुसरा शब्दच नाही गं. माझ्याकडे सगळे होते.

पण नजर तरी कुठवर पुरणार? मी आंघोळीला गेले की बांधायची. ओट्याशी वळले की पाणी उताणंच पाजायची. मी बाहेर आले की पट्टा पिशवीत, बटण लावलेलं, हे छताकडे बघताहेत.

मग गेल्या शुक्रवारी सकाळी ती आली, नेहमीसारखी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि चेन उघडली. बाकी काही केलं नव्हतं तिने, फक्त चेनचा आवाज झाला. आणि ह्यांनी आपणहून डावा हात उचलला आणि कठड्यावर नेऊन ठेवला. बांधून घ्यायला.

चिमे, मी ते बघितलं. ह्या माणसाने कधी कुणापुढे हात पुढे केला नाही.

फोन आला. तिने उचलायच्या आत मी उचलला, स्पीकरवर टाकला. फोनवाली म्हणाली, "काकांकडे द्या ना काकू, आम्ही पेशंटच्याच..."

"तोंडून ऐकता, माहितेय," मी म्हटलं. "ते ऐकताहेत. तू विचार. आधी विचार, काका, तुम्ही विमान चालवता का?"

ती हसली. "काय काकू!"

"विचार तर."

"काका, तुम्ही... विमान चालवता का?"

"बरं," हे म्हणाले.

"आता विचार, तुम्ही कंपनीचे मालक आहात का?"

तिने विचारलं. "बरं," हे म्हणाले.

पलीकडचं हसू थांबलं. कडक इस्त्री पलंगाशी ताठ उभी होती. मी म्हटलं, "आता विचार, तुमचा हात बांधून, बाहेरून कुलूप घालून ताई दुसऱ्या घरी जातात का?"

पोरीचा आवाज एकदम बारीक झाला. तरी तिने विचारलं, शब्द न् शब्द. आणि ह्यांनी तोंड उघडलं नाही. कडक इस्त्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. फोनवर त्यातलं काहीच गेलं नाही.

फोनवाली म्हणाली, "काकू, 'उत्तर नाही' असं टाकू का? माझ्यासमोर स्क्रीनवर उत्तम, समाधानकारक आणि उत्तर नाही एवढंच आहे. इतके दिवस मी 'बरं' म्हणजे समाधानकारकच्या वरचं धरत होते." बिचारी रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, तुझ्या वरच्या साहेबाला इकडे पाठव, त्याच्यासमोर काय काय आहे ते मी बघते. हे मीच बोलले का, असं मला नंतर वाटलं. तुझा आवाज लागला होता माझ्या गळ्याला.

साहेब संध्याकाळी आला. बूट चकाचक, बोलणं लोण्यासारखं. गैरसमज झालाय म्हणाला. तो बांधायचा पट्टा नव्हेच, सुरक्षा पट्टा आहे म्हणाला. गेल्या वर्षभरात आमचा एकही पेशंट घरात पडलेला नाही, हे अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, बांधलेला माणूस पडणार कुठे? त्यावर तो खिशातला मोबाइल काढून बघायला लागला. दोन घरं एकाच वेळी एका बाईकडे कशी, हे विचारलं तर म्हणे, ते नियोजन विभागाकडे येतं. गॅसचं विचारलं तर म्हणे, तसं ताईंनी कळवलं होतं. कुणी पडताळलं का? तर हसला. जाताना म्हणाला, कुटुंबाचं सहकार्य मिळेपर्यंत सेवा थांबवतो. दार लोटून गेला तेव्हा मला कळलं की सहकार्य न करणारं कुटुंब म्हणजे मी एकटी.

कडक इस्त्री त्याच्या मागून निघाली. उंबऱ्यात चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या शेजारच्या आजींनाही बांधते मी. त्यांच्या घरी तर चष्मा विसरून परत येणारंसुद्धा कुणी नाही." मला तिचा राग यावा की दया, अजून ठरत नाही. शिवणकामवाल्या बाईंना घेऊन मी त्या इमारतीत गेले, पहारेकऱ्याकडून आजींच्या मुलीचा नंबर घेतला आणि सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच ओरडली. मग आता येतेय म्हणाली.

आपल्या चिरंजिवांनाही मीच सांगितलं, पहिल्या कुलपापासून. मनगटाचे फोटो शिवणकामवाल्या बाईंनी काढून पाठवले. मग म्हणाला, "मी पाच तारे बघून झोपायचो गं आई." त्याला मी काय बोलणार? पण त्यापुढे जे म्हणाला ते मला नको होतं. म्हणाला, आता होमच. येत्या रविवारी येतो, बाबांना घेऊन जातो. दुसरी कंपनी तरी कशावरून वेगळी निघेल?

मी म्हटलं, आधी माणूस नीट पारखून घेऊ, मी समोर बसेन, पण हे घरीच राहतील. तर म्हणाला, "तोपर्यंत बाबांचं कोण करणार? तुझ्या एकटीने होणार नाही." हे खोटं नाही चिमे. दिवसातून कितीतरी वेळा ह्यांना कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीची कातडी फाटते. एकीने खांदा धरायचा, एकीने कंबर. मी एकटीने करायला गेले तर ते अर्ध्यातच अडकतात आणि मला बघून "बरंऽऽ" म्हणतात, म्हणजे राहू दे, नको. शिवणकामवाल्या बाई हातातलं टाकून येतात, पण त्यांनाही पोट आहे.

मी त्याला विचारलं, आणि दुसरं माणूस असलं तर? तो म्हणाला, "कोण आहे दुसरं?"

मागच्या पत्रात तुला येऊ नकोस म्हटलं ते विसर. तू दुकानात, बँकेत, दवाखान्यात भांडायचीस आणि मी लांब उभी राहून ही आपली कुणी नाही असा चेहरा करायचे. आता माझ्या शेजारी उभी राहून भांड. त्याच्याशी भांड, पुढच्या कंपनीशी भांड, मी पुन्हा कुणाला "बरं आहे" म्हणाले तर माझ्याशीही भांड. पण रविवारच्या आत ये.

ह्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. मी एक आहे.

तुझी ताई